न पेटवलेली वात

विमानाचे पंख तयार होते, शेपटीचं काम चालू होतं, आणि तेवढ्यात दादांचं उजवं अंग गेलं.

सकाळचे साडेदहा झाले असतील. खालच्या मजल्यावर सिस्टर भाजी निवडत बसल्या होत्या. वर धप्पकन काहीतरी पडलं. त्यांनी मान वर न करताच हाक मारली, "दादा, आता काय पाडलंस?" एरवी वरून लगेच "तुझं नाही काही पडलं, तू तुझी भाजी बघ" असं उत्तर यायचं. त्या दिवशी आलं नाही. सिस्टरांनी भाजी बाजूला सारली आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत त्या वर गेल्या. दादा कामाच्या टेबलाशेजारी आडवे पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. डावा हात तेवढा वर धरलेला, आणि त्यात शेपटीची, बाल्साच्या हलक्या लाकडाची पट्टी. ती मोडू नये म्हणून.

पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई. त्यांनी हंबरडाबिंबरडा फोडला नाही. दादांना कुशीवर वळवलं, घड्याळात पाहिलं, फोन केला, आणि पट्टी हातातून सोडवून टेबलावर नीट ठेवली. ती तशी ठेवली नसती तर दादांनी हात खाली घेतलाच नसता. "वेळेवर आणलंत," असं डॉक्टर नंतर म्हणाले, तेव्हा कुठे त्या दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आल्या.

सगळा मोहल्ला त्यांना 'सिस्टर' म्हणायचा. आणि ज्याच्या त्या खरोखरीच्या सिस्टर होत्या, तो मात्र त्यांना 'चिंगे' म्हणायचा. दादा त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे. एका कारखान्यात लेथवर हयात गेली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर सिस्टर सांगायच्या, "त्याचं लग्न झालंय की! वर जाऊन बघा, सगळं सासर भिंतीला टांगलंय." भिंतीला विमानं टांगलेली होती, लहान-मोठी, जुन्या पद्धतीची. कागद आणि बाल्साची, पण खेळणी नव्हेत. प्रत्येकाच्या नाकात अंड्याएवढं डिझेल इंजिन बसायचं आणि विमान खरोखर उडायचं. ना दोरी, ना रेडिओ. एकदा हातातून सोडलं की त्याचं ते. म्हणून ते नीट जुळवलेलं असावं लागतं, तिरकं असलं तर तिरकंच जाणार.

सिस्टरांचे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी दूर गेला, तेव्हापासून त्या या दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर राहत होत्या. दादा वर. स्वयंपाक एक, भांडणं मुबलक.

दवाखान्यातून आल्यावर मात्र भांडण बंद झालं. सिस्टरांना त्याचीच जास्त धास्ती वाटली. बोलणं बरंचसं परत आलं होतं, पाय ओढत का होईना चालता येत होतं, पण उजवा हात मांडीवर उसना आणल्यासारखा पडून राहायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, "काका, रोज शंभर वेळा दाबायचा." ती गेल्यावर दादांनी तो डाव्या हाताने भिंतीवर मारला. तो कपाटाखाली गेला. सिस्टरांनी काढून दिला, परत गेला. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी चेंडू कपाटाखालीच राहू दिला.

एका दुपारी वरून 'टक्' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. मग शिवी. शिवी ऐकून सिस्टरांना बरं वाटलं, पण पाठोपाठ "चिंगे!" अशी हाक आली आणि त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं.

दादांनी इंजिन टेबलाच्या पकडीत आवळून ठेवलं होतं आणि डाव्या हाताने त्याच्या टोकाचा पंखा फटकारून ते सुरू करायला गेले होते. इंजिनाने उलटा झटका दिला होता. तर्जनीचं टोक चिरलेलं, टेबलावर रक्ताचे थेंब.

"बघत बसू नकोस. बांध," दादा म्हणाले.

सिस्टरांनी जखम धुतली, दोन टाके लागतील का ते पाहिलं, नाही म्हणून पट्टी बांधली. पट्टी पूर्ण झाल्यावर ते म्हणाले, "एक हात मेलेला, एक बांधलेला. मास्तरांना फोन कर. म्हणावं, सगळं घेऊन जा. इंजिन, पंख, लाकूड, सगळं."

मास्तर म्हणजे दादांचे चाळीस वर्षांचे उडवण्यातले सोबती. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांची विमानं दिसायला दृष्ट लागण्यासारखी आणि उडायला रडकी.

"मास्तर काय करणार ते घेऊन? रंगवत बसतील," सिस्टर म्हणाल्या.

"रंगवू देत."

"हे इंजिन तू स्वतः केलंयस ना?"

"एकेचाळीस वर्षं झाली. सगळं मीच. पिस्टनसुद्धा."

सिस्टर उठल्या. दादांना वाटलं फोन करायला चालल्या. पण त्यांनी खुर्ची ओढली, टेबलासमोर बसल्या आणि बाह्या वर केल्या.

"सांग. कसं सुरू करतात?"

"तुला नाही जमायचं."

"जमलं नाही तर मास्तरांना फोन करीन. सांग."

दादांनी हनुवटीने कोपऱ्यातली काचेची बाटली दाखवली. "आधी ती घे. उघडी ठेवू नकोस, उडून जातं."

सिस्टरांनी बूच काढलं आणि त्यांचा हात जागीच थांबला. ईथर. तो गोडसर, डोक्यात चढणारा वास त्यांना इतक्या जवळून चाळीसेक वर्षांनी आला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी, जिथे भुलीचं यंत्र नव्हतं अशा लहान दवाखान्यात, त्या रोग्याच्या तोंडावरच्या जाळीवर थेंब-थेंब ईथर टाकायच्या. एक डोळा रोग्याच्या छातीवर, कान श्वासावर. कमी पडलं तर रोगी हलणार, जास्त झालं तर हलायचाच नाही.

"ईथर, रॉकेल आणि एरंडेल," दादा सांगत होते. "तिन्ही सारखं. ईथर पेट घेतं, रॉकेल ताकद देतं, एरंडेल आतली झीज थांबवतं."

"एरंडेल तर तूच प्यायल्यासारखा दिसतोयस," सिस्टर म्हणाल्या. दादा हसले नाहीत, पण "मुकाट्याने ऐक" म्हणाले, आणि आजारपणानंतर ते पहिल्यांदाच असं म्हणाले होते.

या इंजिनाला ना बॅटरी, ना ठिणगी. आतली हवा दाबून दाबून एवढी तापवायची, की इंधन आपणहून पेटतं. किती दाबायची ते डोक्यावरच्या स्क्रूने ठरवायचं, इंधन किती सोडायचं ते बाजूच्या सुईने. या दोन गोष्टी जुळल्या की बोटाने पंखा फटकन फिरवायचा आणि हात मागे घ्यायचा. हात मागे घेणं सगळ्यात महत्त्वाचं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन दोनदा शिंकलं. "इंधन जास्त झालं," दादा ओरडले. "बुडवलंस त्याला! आता जोर लावू नकोस, आतला दांडा वाकेल. उलटं कर, निथळू दे." तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या बोटाला फटका बसला. नखाखाली रक्त साकळलं. त्यांनी रबरी हातमोज्याचं बोट कापून त्यावर चढवलं आणि पुन्हा बसल्या. दादा स्क्रूवर डावा हात ठेवून, सिस्टर पंख्यावर. नुसत्या सूचना. पाव फेरा कमी. सुई अर्धा फेरा उघड. असं नव्हे, मनगटातून. चिंगे, तू काय माशी हाकलतेयस का?

चौथ्या दिवशी सिस्टरांनी दादांचं ऐकायचं सोडून इंजिनाचं ऐकायला सुरुवात केली. पंखा हळू फिरवला की आत काहीतरी ओलसर दबल्याचा आवाज यायचा. तो कधी जड, कधी हलका. त्यांनी दादांना विचारलंही नाही, स्क्रू इवलासा सैल केला आणि बोट मारलं.

टर्रर्र करून इंजिन पेटलं. टेबल थरथरलं, कागद उडाले, एरंडेलाचा निळसर धूर खोलीभर पसरला. आवाज आधी खरखरीत होता. दादांनी डाव्या हाताने स्क्रू केसभर फिरवला, तसा तो एकदम गुळगुळीत झाला, एखाद्या रोग्याचा श्वास लयीत यावा तसा. सिस्टरांनी वळून पाहिलं. दादांचा अर्धा चेहरा हसत होता. उरलेला अर्धा अजून तयार नव्हता.

त्यानंतर कपाटाखालचा चेंडू दादांनी स्वतःच काठीने बाहेर काढला.

पुढचे दोन महिने वरच्या खोलीत दोघांचं काम चाललं. शेपूट सिस्टरांनी जोडली. पंखांवर कागद त्यांनीच चढवला, वार्निश लावून ताणून बसवला. कागदाला सुरकुती पडली की दादा म्हणायचे, "हे काय, उशीचा अभ्रा आहे का?" आणि सिस्टर म्हणायच्या, "पोटाला टाके घातलेत मी, पंख काय मोठा!" डॉक्टर टाके घालायचे आणि त्या नुसता धागा कापायच्या हे दादांना माहीत होतं, पण ते चालवून घ्यायचे.

एक गोष्ट मात्र दादांनी कोणाला करू दिली नाही. वाती. विमान उन्हातल्या वर चढणाऱ्या हवेत सापडलं तर इंजिन बंद पडूनही खाली येत नाही, घारीसारखं घिरट्या घालत वरवर जातं आणि नाहीसं होतं. म्हणून शेपटीजवळ एक वात लावतात. ती धुमसत जाऊन चार मिनिटांनी एक रबर जाळते, रबर तुटलं की शेपूट वर उचलली जाते आणि विमान सुकलेल्या पानासारखं खाली येतं. या वातीसाठी सुती दोरा फटाक्यांच्या दारूत असतो त्या सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवावा लागतो. दोऱ्याचं एक टोक दातात धरून दुसरं डाव्या हाताने पिळत दादांनी सहा वाती केल्या. एकेका वातीला एक-एक दुपार गेली. झाल्यावर त्यांनी त्या काचेच्या नळीत भरून खिडकीत ठेवल्या. येईल-जाईल त्याला दिसतील अशा.

थंडी सरता-सरता उडवण्याचा दिवस आला. गावाबाहेर वापरात नसलेली एक धावपट्टी होती. डांबर फुटून त्यातून गवत आलेलं. तिथे वर्षातून एकदा दहा-बारा जण आपापली जुनी विमानं घेऊन जमायचे. बहुतेक साठीच्या पुढचे, कानाला कमी ऐकू येणारे, बोटांना जुने व्रण असलेले. दादांना खुर्चीत बसवलं तसे सगळे एकेक करून येऊन गेले. काय बोलावं ते कोणालाच सुचेना, म्हणून सगळे विमानाबद्दल बोलले. मास्तर गळ्यात स्टॉपवॉच आणि हातात वही घेऊन आले.

"सिस्टर, कागद कोणी चढवला?"

"मी."

मास्तरांनी पंखावरून हलकेच बोट फिरवलं. "माझ्या विमानाला येता का?"

"आधी ते उडवा," दादा म्हणाले, आणि सगळे हसले. अवघडलेपण गेलं.

क्रम दादांनी पढवून ठेवलेला होता. आधी वात पेटवायची, मग इंजिन, मग सोडायचं. सिस्टरांनी इंजेक्शनच्या नळीने टाकीत मोजून इंधन भरलं, वात पेटवली आणि पंख्याला बोट मारलं. इंजिन हलेना. दहा वेळा, वीस वेळा. थंड वाऱ्याने ते आखडून बसलं होतं. इकडे वात धुमसत निम्मी झाली. "काढ ती," दादा म्हणाले. सिस्टरांनी ती उपटून पायाखाली विझवली, काचेच्या नळीतून नवी घेऊन खोचली. "स्क्रू घट्ट करतो. दोन थेंब वरून दे. हं, मार."

या वेळी पहिल्याच फटक्याला इंजिन पेटलं. इतकं अचानक, की सिस्टर दचकल्या. टाकी इवलीशी, त्यात अर्ध्या मिनिटाचंच इंधन. जमिनीवर गेलेला प्रत्येक क्षण उड्डाणातून वजा. दादांनी स्क्रू फिरवून आवाज सरळ केला आणि ओरडले, "सोड! चिंगे, सोड! संपेल ते! सोड!"

सिस्टर वाऱ्याच्या दिशेला चार पावलं धावल्या आणि त्यांनी विमान सोडलं.

ते उजवीकडे किंचित झुकलं, सावरलं, आणि मोठाली वर्तुळं घेत चढायला लागलं. उन्हात पंखांमधला सांगाडा दिसत होता. आवाज बारीक होत गेला आणि एकदम थांबला. इंधन संपलं होतं. विमान नाक किंचित खाली करून निवांत तरंगायला लागलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती.

"दोन मिनिटं," मास्तर म्हणाले. "दोन दहा. वर जातंय बरं का! हवेत सापडलं."

"चार मिनिटांनी उतरेल," दादा म्हणाले.

चार मिनिटं झाली. पाच झाली. विमान नखाएवढं दिसत होतं. सिस्टरांचा हात खिशात गेला आणि काडेपेटीवर पडला. नवी वात खोचल्यावर त्यांनी ती पेटवलीच नव्हती.

"वात ओली राहिली असणार," दादा हळूच म्हणाले. "माझीच चूक. नीट वाळली नाही."

"होतं असं," मास्तर म्हणाले.

सिस्टरांनी काडेपेटी खिशातच दाबून धरली. आठव्या मिनिटाला विमान ठिपका झालं, अकराव्या मिनिटाला कोणालाच दिसेना. मास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून सिस्टरांनी संध्याकाळ होईपर्यंत आजूबाजूची शेतं पालथी घातली, दिसेल त्याला विचारलं. काहीच हाती लागलं नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वीचं इंजिन गेलं ते गेलंच.

परतताना दादा गाडीत एकच वाक्य म्हणाले. "एका हाताने पिळलेली वात ती. तिच्यावर भरवसा ठेवायलाच नको होता."

दोन दिवस दादा वातीला नावं ठेवत राहिले आणि सिस्टर समोर बसून ऐकत राहिल्या. थिएटरमध्ये त्यांचा लौकिक होता तो एकाच गोष्टीचा. ऑपरेशन संपताना कापसाचे बोळे मोजायचे, आणि एक जरी कमी भरला तरी पोट शिवू द्यायचं नाही. एकदा एका मोठ्या सर्जनसमोर त्या आडव्या उभ्या राहिल्या होत्या. सर्जन संतापून लाल झाले, आणि बोळा आत सापडला. स्वतःच्या चुकासुद्धा त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. आणि आता ही एवढीशी वात त्यांच्या तोंडून निघत नव्हती. वर खिडकीत नळी रिकामी होती. उरलेल्या चार वाती दादांनी कचऱ्यात टाकल्या होत्या. टोपलीतल्या त्या वाती पाहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी चहाचा कप दादांसमोर ठेवला आणि उभ्या-उभ्याच सांगून टाकलं.

"दादा, वात ओली नव्हती. मी ती पेटवलीच नाही. विसरले."

दादांनी कपाकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

"तिथे मैदानातच कळलं होतं तुला?"

"हो."

"खाली जा," दादा म्हणाले.

चार दिवस ते सिस्टरांशी एक शब्द बोलले नाहीत. ताट वर जायचं, अर्धं परत यायचं. सिस्टर पायऱ्यांवरून "औषध घेतलंस का?" असं विचारायच्या आणि उत्तरादाखल काठी जमिनीवर एकदा आपटायची. एकदा म्हणजे घेतलं. मध्यस्थी करायला मास्तर आले. वर अर्धा तास बसून खाली आले आणि म्हणाले, "मला म्हणाले, रंगवायला काही असेल तर रंगवा, नसेल तर घरी जा."

"इंजिनाचं दुःख आहे हो त्याला. मी घालवलं."

"इंजिनाचं नाव काढलं नाही त्यांनी," मास्तर चप्पल घालता-घालता म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर ओट्याशी उभ्या होत्या. जिन्यात काठीचा आवाज झाला. मग पाय ओढल्याचा. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा काठी. आजारपणानंतर दादा एकट्याने जिना कधी उतरले नव्हते. अठरा पायऱ्या, मध्ये वळण, कठडा उजव्या हाताला. सिस्टरांनी गॅस बंद केला आणि दाराकडे धावल्या. पण दारात येऊन त्या थांबल्या. आत्ता जाऊन धरलं तर हा माणूस पुन्हा कधी उतरायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि मनात पायऱ्या मोजत राहिल्या. अकराव्या पायरीला काठी घसरली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग दादांची शिवी ऐकू आली आणि जीव भांड्यात पडला. बारा. तेरा.

अठराव्या पायरीवरून दादा उतरले, घामाने निथळत, धापा टाकत, आणि तिथूनच ओरडायला लागले.

"ती वात मी केली होती! सगळ्यांदेखत मी माझ्या वातीला नावं ठेवली! आजारी पडल्यापासून तेवढी एकच गोष्ट मी माझी मी केली होती, आणि ती पण वाया गेली म्हणून दोन दिवस मी... दोन दिवस, चिंगे! तू समोर बसून ऐकत होतीस!"

"चुकलं माझं."

"विमान काय, जातं! दहा विमानं गेलीत माझी. इंजिन गेलं, तेही गेलं. पण मला वाटलं, या हाताचं आता काहीच खरं नाही. चार वाती फेकल्या मी!"

"मी म्हटलं ना चुकलं म्हणून! आणि तू? तू नाही ओरडलास 'सोड सोड सोड' म्हणून? माणसाला काही सुचू देशील तर शपथ! पस्तीस वर्षांत एकाही सर्जनने माझ्या कानाशी असा गोंगाट केला नाही!"

"मग इंधन संपू द्यायचं होतं?"

"वात बघायची होती! तू खुर्चीत बसून नुसता हुकूम सोडत होतास, तुझे डोळे कुठे होते?"

डोळे इंजिनावर होते, दोघांचेही, आणि ते दोघांनाही माहीत होतं. शेजारच्या घरातली खिडकी हळूच उघडली आणि हळूच बंद झाली.

"पाणी दे," दादा म्हणाले.

सिस्टरांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग कपाटातून एक चुरगळलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात चार वाती होत्या, कचऱ्याच्या टोपलीतून काढून झटकून ठेवलेल्या. दादांनी एक उचलली, काडी मागितली. सिस्टरांनी पेटवून धरली. वातीने झटकन ठिणगी घेतली आणि ती टेबलाच्या कडेवर सरळ, एकसारखी धुमसत राहिली. दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. चार मिनिटं आणि काही सेकंद.

"झकास आहे वात," सिस्टर म्हणाल्या.

"आहेच," दादा म्हणाले.

त्या दिवशी ते खालीच जेवले आणि ताट पूर्ण रिकामं केलं. वर जायची ताकद उरली नव्हती, म्हणून भाचा आला की झोपतो त्या खोलीत झोपले. चार वाजता उठून विचारलं, "वरच्या छोट्या लेथवर उभी राहशील का?"

नवं इंजिन करायला आठ महिने लागले. लेथ सिस्टरांनी चालवला, मापं दादांनी घेतली. पहिले दोन पिस्टन फुकट गेले, तिसरा सिलिंडरात अडकला, चौथा हवाबंद बसला, बाहेर काढताना 'फुक्' असा आवाज आला आणि दादा म्हणाले, "हा." लेथचं चाक सावकाश फिरवायचं काम दादांनी उजव्या हाताकडे दिलं. चेंडूने शंभर दिवसांत झालं नव्हतं तेवढं त्या चाकाने झालं. पूर्ण नाही. कप धरता येत नव्हता, पण चाक फिरत होतं. व्यायामाची मुलगी येऊन बघून गेली आणि वहीत काय लिहावं हे तिला कळेना.

पुढच्या वर्षी धावपट्टीवर दादा काठी टेकत आपल्या पायांनी गेले. विमान छोटं होतं, आणि आराखड्यापासून वातीपर्यंत या वेळी सगळं सिस्टरांचं. दादा म्हणाले होते, "मी खुर्चीवर बसून गप्प राहीन." मास्तरांनी त्यावर पैज लावायला सांगितली तर कोणी लावेना.

सिस्टरांनी वात पेटवली, इंजिन सुरू केलं, स्क्रू स्वतः जुळवला, सोडलं. विमान चढलं, पण डावीकडे फार वळत होतं. इंधन संपल्यावर घसरत-घसरत लांब धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि उंच गवतात उतरलं. मास्तर ओरडले, "एक मिनिट आठ!" काही फार नव्हतं. सिस्टर धावत सुटल्या. धावता-धावता दम लागला, एकदा अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. विमान सापडलं. एक पंख फाटला होता, बाकी सगळं शाबूत. त्यांनी घाईने उचलायला हात घातला आणि तापलेल्या इंजिनाने अंगठा भाजला. तो तोंडात घालून त्यांनी मागे वळून पाहिलं.

पट्टीच्या त्या टोकाहून दादा निघाले होते. खुर्ची मागे, मास्तर मागे, आणि हे काठी टेकत, पाय ओढत, एकटेच. तोंड चालू होतं. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण डावीकडे वळण्याचं कारण चाललेलं असणार. इथे पोचायला त्यांना दहा मिनिटं तरी लागली असती.

सिस्टर गवतात बसल्या, विमान मांडीवर घेतलं आणि वाट बघत राहिल्या.